रुखमिणीच्या हातावरचं दगडफूल

आसगावात कुणाकडे पाहुणे उतरलेत हे कळायला दारातून डोकवावं लागत नाही. रुखमिणीच्या अंगणातून कणीक आपटल्याचा थाप थाप आवाज सुरू झाला की गल्ली ओळखते, कुणाचा तरी जावई आला आणि लांबपोळ्यांचं काम रुखमिणीकडे आलं.

लांबपोळी हे पोळपाट-लाटण्याचं काम नव्हे. बारीक चाळलेली कणीक मीठपाण्यात इतकी सैल भिजवायची आणि इतकी आपटायची की ती रबरासारखी ओढली गेली पाहिजे. मग तिचा गोळा तळहातावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यासारखा लांबतो, आणि फाटायच्या आत त्याला चुलीवर उलट्या घातलेल्या मडक्यावर टाकायचं. ज्याला जमलं त्याला जमलं. ज्याला नाही जमलं त्याची पोळी चुलीत जाते आणि बातमी गावात.

रुखमिणीच्या पोळीतून पलीकडचं माणूस दिसतं, अशी तिच्या नवऱ्याची, केवळरामची, जाहिरात होती. कोण दिसतं म्हणून विचारलं तर तो सांगायचा, शेजारच्या सुलोचनाबाई. आणि ते खोटं नव्हतं, कारण सुलोचनाबाई कुंपणाच्या पलीकडे कायमच उभ्या असतात. रुखमिणी लग्न होऊन आसगावात यायच्या आधी लांबपोळी म्हटलं की सुलोचनाबाईच. नंतर पाहुणे या घरून त्या घरी कसे सरकले, हे त्यांना अजून कळलेलं नाही. रुखमिणीच्या पोळीबद्दल विचारलं तर त्या आभाळाकडे बघून म्हणतात, ‘करते, बरी करते.’

तर अशा या रुखमिणीच्या हातांना यंदा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपता आटोपता काहीतरी झालं.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला चार-दोन पुरळ आले. चिखलाचं पाणी लागलं असेल म्हणून तिनं तिकडे पाहिलं नाही. पण ते जाईनात. साधी घामोळी असती तर टोकदार असती. हे वरून सपाट, कडा कोनाकोनाच्या, रंग पिकल्या जांभळाचा, आणि उन्हात धरले की चकाकायचे. खाज तर अशी की दोन्ही हात कणकेत असतानाच हमखास सुटायची. मग रुखमिणी बांगडीच्या कडेनं खाजवायची. एकदा तिनं मनगटापासून कोपराकडे लांब ओरखडा काढला, आणि पुढे त्या ओरखड्यावर नेमके ओळीनं पुरळ उठले. दोरी लावून रोवणा करावा तसे. केवळरामनं ते पाहिलं आणि कौतुकानं म्हणाला की धानाच्या बांधीतही तुझी ओळ इतकी सरळ कधी आली नव्हती. त्या दिवशी त्याला चहा उशिरा मिळाला.

सुलोचनाबाईंनी कुंपणावरूनच निदान केलं. गजकर्ण. त्यांच्याकडे औषधाच्या दुकानातून आणलेली एक ट्यूब होती. तिच्यावर त्यांचा इतका जीव की घरात कुणाला काहीही झालं तरी त्या तीच लावत. ती त्यांनी मोठ्या मनानं रुखमिणीला दिली आणि संध्याकाळपर्यंत गावाला सांगितलं की दिली. कशासाठी दिली हेही सांगितलंच. गजकर्ण एकाचं दुसऱ्याला होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

ट्यूब संपली. पुरळ राहिले. आणि मग पलीकडच्या गल्लीत एक बारसं झालं. रुखमिणीनं नेहमीप्रमाणे पोळ्या करून दिल्या. पंगत उठल्यावर ती भांडी आवरायला आत गेली, तर टोपलीत तिच्या पोळ्या घडीवर घडी तशाच. बायकांनी भातावर भागवलं होतं. निघताना यजमानीण बाईनं तिला खणही दिला, पण खण देताना बोटं लांबून धरली होती.

रुखमिणी घरी आली आणि तिनं केवळरामचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढवला. तेव्हापासून बाह्या खाली आणि लांबपोळ्यांची चूल थंड. गल्लीत थाप थाप ऐकू येईना. सुलोचनाबाई एकदोनदा आपल्या अंगणात कणीक आपटू लागल्या, असं ऐकिवात आहे.

हे असं चालूनही गेलं असतं, पण साकोलीहून टीनाचा फोन आला. टीना म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, उन्हाळ्यात लग्न होऊन साकोलीला गेलेली. दिवाळीनंतरच्या मंडईला तिचे सासू-सासरे आसगावला येणार होते. आता मंडई म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. गावात दुकानं लागतात, दंडारीचा खेळ रंगतो, शिंगाडे-उसाचे ढीग पडतात, आणि झाडून सगळे सोयरे जेवायला येतात. त्यातही लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला ईवाई आणि ईवाईन, म्हणजे व्याही-विहीण, घरी येणार म्हटलं की घराची परीक्षाच. टीनानं वरून तेल ओतून ठेवलं होतं. सासूबाईंना तिनं महिनाभर ऐकवलं होतं की माझी आई हातावर पोळी करते आणि ती पोळी हातभर लांब असते. सासूबाई साकोलीच्या बाजारपेठेत वाढलेल्या, त्यांनी आयुष्यभर लाटणंच पाहिलं. त्या म्हणाल्या, मी चुलीपाशीच बसून पाहीन.

रुखमिणीनं फोन ठेवला आणि सदऱ्याच्या बाह्यांकडे पाहिलं. पोळी करायची तर बाह्या वर कराव्या लागणार. बाह्या वर केल्या तर ईवाईन पाहणार. पाहिल्यावर ती पोळीला हात लावील का नाही, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो लेकीच्या सासरपर्यंत जाणार होता.

केवळराम एरवी कुठलीही गोष्ट पुढच्या बाजारावर टाकणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी तो सकाळीच धुतलेली पँट घालून उभा राहिला आणि म्हणाला, “चाल, भंडाऱ्याले जाऊ. चमड्याच्या डॉक्टरले दाखवू.”

बस कारध्याच्या पुलावर आली तेव्हा रुखमिणीनं वैनगंगेला हात जोडले, ते बाह्यांसकट.

डॉक्टरीणबाई वयानं टीनाहून थोड्याच मोठ्या दिसत होत्या. त्यांनी आधी बाह्या वर करायला लावल्या आणि हातात हात घेतला. हातमोजा न घालता, सरळ. रुखमिणीचा त्या बारशापासून कुणी असा हात धरला नव्हता, त्यामुळे ती पुढचं थोडा वेळ ऐकायचीच विसरली. बाईंनी एका पुरळावर तेलाचा थेंब टाकला, भिंगाचं यंत्र लावलं, बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. केवळरामलाही पाहू दिलं. जांभळ्या पुरळावर पांढऱ्या रेघांची बारीक नक्षी होती. केवळराम म्हणाला, आमच्या घरी इतकी चांगली रांगोळी कुणी काढत नाही.

मग बाईंनी विचारलं, तोंडात काही त्रास आहे का. रुखमिणीनं मान हलवली. काही नाही म्हणाली.

“खोटं बोलून राहिली,” केवळराम म्हणाला. “पोळ्याच्या सनापासून रश्श्याले हात नाई लावला इनं. दुधासंग भात खाते अन् मले सांगते का भूक नाई.”

रुखमिणीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं की हा माणूस ताटातून डोकं वर काढत नाही.

तोंड उघडल्यावर गालाच्या आत दोन्हीकडे तशीच पांढरी जाळी निघाली, आणि एका जागी लाल, सोललेली. तिखट तिथेच झोंबत होतं. बाईंनी विचारलं, तंबाखू? तेव्हा कळलं की रुखमिणी सकाळी दातांना तंबाखूची नस घासते. केवळरामला वाटायचं, ती मंजन आहे. आता नवऱ्याकडे पाहायची पाळी तिची नव्हती, म्हणून तिनं भिंतीकडे पाहिलं. बाईंनी नस त्याच दिवशी बंद करायला सांगितली. केवळरामच्या खिशातल्या खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्नीवरही त्यांची नजर गेली आणि त्या दोघांनाही एकदम बोलल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. गजकर्ण नाही, म्हणून ती ट्यूब पुन्हा लावायची नाही. हातांना लावायला वेगळं मलम, गालाच्या आत लावायला वेगळं. खाजवायचं नाही, कारण जिथे ओरखडा किंवा चटका तिथे नवीन पुरळ. खात्री करायला गालातला कणभर तुकडा तपासणीला घेतला. रक्तही घेतलं, कारण एका जातीच्या काविळीशी याचं कधी कधी नातं निघतं. आणि हे कुणाकडून कुणाला होत नाही, असंही बाईंनी सांगितलं. रुखमिणीनं ते एवढंच वाक्य मनात घट्ट धरलं.

शेवटी केवळरामनं रोगाचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, लायकेन प्लॅनस. त्याचं मराठीत काय, तर बाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं की लायकेन म्हणजे खडकावर, झाडाच्या सालीवर जे चिकटून उगवतं ते, तुमच्या मसाल्यातलं दगडफूल. प्लॅनस म्हणजे सपाट. एवढ्यात पुढचा पेशंट आत आला, आणि केवळरामच्या डोक्यात तो शब्द तेवढाच, अर्धाच, पक्का बसला.

बस अड्याळपर्यंत पोहोचायच्या आत अर्ध्या बसला माहीत झालं होतं. केवळरामला इतका आनंद झाला होता की तो कंडक्टरलाही सांगत होता. गजकर्ण नाही, कॅन्सर नाही, मसाल्यातलं दगडफूल अंगावर फुललं. इतकी वर्षं खाल्लं ना, अंगात मुरलं, आता हातावर निघालं. तपासणीला तुकडा गेलाय आणि उत्तर यायचंय, हे सांगायला तो विसरला. रुखमिणी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला पटत नव्हतं. तिच्या आईनं, आजीनं दगडफुलाशिवाय मसाला कांडलाच नव्हता आणि दोघींचे हात शेवटपर्यंत स्वच्छ होते. पण तिनं तोंड उघडलं नाही. तिच्या मनात आलं, बरंच झालं की. खोट मसाल्याची निघाली, म्हणजे हातांची सुटली. मंडई होईपर्यंत गावाला असंच वाटू दे.

त्या आठवड्यात आसगावात जे झालं ते अजून सांगितलं जातं. केवळरामनं घरातलं दगडफूल उकिरड्यावर टाकलं. ते पाहून शेजाऱ्यानं टाकलं. दिवाळीच्या तोंडावर, मसाले कांडायच्या ऐन दिवसांत, गल्लीच्या गल्लीनं दगडफूल वगळून मसाला कांडला. किराणा दुकानदाराला कळेना की बायका यादीतलं सगळं घेतात आणि दगडफुलाचं नाव काढलं की मागे का सरकतात. आणि रस्सा? रश्श्याला रंग होता, तवंग होता, फक्त चव कुठेतरी निघून गेली होती. माणसं जेवून उठत आणि कशानं जेवलो ते त्यांना आठवत नसे.

एवढं होऊनही रुखमिणीचे हात सुटले असते, पण सुलोचनाबाई होत्या ना. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर, दहा बायकांत, रुखमिणीला ऐकू जाईल असं बोलल्या.

“दगडफूल उगवलं म्हंजे बी आलंच का नाई? तिनं हात झटकले का बी कणकेत पडन. कणीक खाल्ली का पोटात. मंग आपल्याही हातावर उगवन.”

गजकर्ण निदान कातडीला कातडी लागली तरच होतं, इथे तर बी पडायला लागलं. बायकांनी रुखमिणीच्या घरचं पीठ, ताक, विरजण, सगळंच सोडलं. तिनं गप्प राहून जो आडोसा घेतला होता तोच तिच्या अंगावर आला. घागर भरून ती घरी आली. मग तिनं केवळरामला सांगितलं, उद्या तपासणीचं उत्तर आणायला मी येते, आणि या वेळी डॉक्टरशी मीच बोलणार. तुमी फक्त बसा.

आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो खरंच बसला. नाव सांगायलाही उठला नाही.

उत्तर चांगलं आलं होतं. कॅन्सर नव्हता. रक्तही ठीक होतं. रुखमिणीनं सुटकेचा श्वास घ्यायलाही वेळ घालवला नाही. तिनं बाह्या वर केल्या आणि विचारलं, की बाई, हे दगडफूल माझ्या मसाल्यातून आलं का, याचं बी पडतं का, आणि हे एकाचं दुसऱ्याला होत नाही म्हणता तर का होत नाही, ते कारण मला नीट समजेल असं सांगा, कारण गावात मला सांगायचं आहे.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग आपलंच चुकलं म्हणाल्या. नाव फक्त दिसण्यावरून पडलं आहे. फार पूर्वी कुणाला तरी हे पुरळ दगडावरच्या त्या वाढीसारखं दिसलं, म्हणून नाव दिलं. यात दगडफूल नाही, बी नाही, बुरशी नाही, जंतू नाही. शरीरात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या काही वेळा चुकतात आणि आपल्याच कातडीवर, तोंडातल्या अस्तरावर धावून जातात. का चुकतात ते अजून पुरतं कळलेलं नाही. बाहेरून काही आलेलंच नाही, मग ते दुसऱ्याकडे जाणार कुठून.

रुखमिणी ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकावर आली होती. तिला एकदम शेतातलं मचाण दिसलं. धान निसवलं की रानडुकरांसाठी तिथे जागल्या बसवतात, आणि एखादा जागल्या असा निघतो की झोपेत दचकून उठतो आणि डुक्कर समजून आपल्याच बैलाच्या पाठीत काठी घालतो.

“म्हंजे माह्या आंगातला जागल्या येडा झाला,” ती म्हणाली. “डुक्कर आलंच नाई, अन् हा बैलाले मारून राहिला.”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार.

“अन् मलम कायले? त्या जागल्याले झोपवाले?”

“झोपवायला नाही, शांत करायला,” बाई म्हणाल्या. हातांवरचं बहुधा वर्ष-दीड वर्षात विरतं. जाताना काळे डाग ठेवून जातं. ते डाग रोगाचे नव्हेत, रोग गेल्याचे असतात, आणि तेही हळूहळू फिके पडतात. तोंडातलं मात्र चिवट, ते वर्षानुवर्षं रेंगाळतं. तिखट सोसेल तेवढंच खायचं. आणि क्वचित एखाद्याच्या तोंडातलं पुढे वाईट वळण घेतं, म्हणून बरं वाटलं तरी ठरल्या वेळी येऊन तोंड दाखवायचंच. नसेचं तर नावही नको.

रुखमिणीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मलमानं खाज बसली होती. पहिले, सगळ्यांत जुने पुरळ आता जांभळे नव्हते, दबून काळसर झाले होते. तिला ते एकदम आवडले.

परतीच्या बसमध्ये या वेळी केवळराम गप्प आणि रुखमिणी बोलत होती. शेजारच्या सीटवरच्या बाईला तिनं जागल्याची गोष्ट दोनदा सांगितली. त्या बाईला कसलाही आजार नव्हता, पण ऐकून तिलाही बरं वाटलं.

मंडईचा दिवस उजाडला तो नगाऱ्यानं. दुकानांची पालं लागली, शिंगाड्यांच्या राशी लागल्या, दंडारीची पोरं तोंडाला रंग फासून गल्लीतून पळू लागली. साकोलीची गाडी दारात लागली तेव्हा अख्खी गल्ली काही ना काही काम काढून बाहेर आली होती. सुलोचनाबाईंनी तर वाळलेलं लुगडंच पुन्हा वाळत घातलं. आधी टीना उतरली, मग ईवाई लक्ष्मणराव, मग ईवाईन निर्मलाबाई, सोन्याच्या काड्यांचा चष्मा आणि हातात पर्स. पाणी झालं, पायावर पडणं झालं, आणि निर्मलाबाई म्हणाल्या होत्या तशा खरंच पाट घेऊन अंगणातल्या चुलीपाशी बसल्या. टीनानं आईच्या पूर्ण बाह्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिनं हळूच विचारलं, लाटणं आणू का. पण शेवटी लेक कुणाची, लाटणं आणायला ती उठली नाही.

रुखमिणीनं सदरा काढून खुंटीला अडकवला. खालच्या चोळीच्या आखूड बाह्यांमधून दोन्ही हात उघडे झाले. मनगटावर जांभळे ठिपके, कोपराकडे ती ओळ, मध्ये काळे डाग. तिनं हात ईवाईनीच्या चष्म्यासमोर धरले.

“ईवाईनबाई, आधी पाहून घ्या, मंग पोळी खा. याले लायकेन प्लॅनस म्हंतात. डॉक्टरनं तपासलं. हे एकाचं दुसऱ्याले होत नाई.”

निर्मलाबाईंनी चष्मा सारखा केला. कुंपणापलीकडून आवाज आला, की नाव तर दगडफूलच आहे म्हणतात ना.

रुखमिणी वळली. इतके दिवस ती जे मनात घोळवत होती ते तिच्या तोंडून अगदी सरळ, भांडणाचा सूरही न लागता बाहेर पडलं.

“सुलोचनाबाई, तुमच्या सासऱ्याले हत्तीरोग होता. त्यायच्या पायात हत्ती होता काय वो? नावच तं हाय. अन् बी पडत असतं तं सगळ्यात पयले यायच्या आंगावर उगवलं असतं. रोज माह्याच हातचं खाऊन राहिले.”

सगळे केवळरामकडे पाहू लागले. त्यानं गंभीरपणे दोन्ही बाह्या वर करून हात उलटेपालटे करून दाखवले, मग मानही दाखवली. आणखी काय दाखवू म्हणून विचारू लागला तेव्हा टीनानं त्याला बसवलं.

रुखमिणीनं परातीत हात घातला. थाप थाप सुरू झालं आणि गल्लीचे कान टवकारले. गोळा हातावर आला, झुलला, मनगटावरून, जांभळ्या ठिपक्यांवरून, काळ्या डागांवरून कोपरापर्यंत ओघळला आणि मध्येच टरकन फाटला. इतक्या दिवसांची सवय मोडली होती. तिनं ती फाटकी पोळी तशीच मडक्यावर टाकली, भाजली आणि केवळरामच्या ताटात वाढली. त्यानं ती बिनतक्रार खाल्ली. फाटलेल्या पोळ्या लग्नापासून त्याच्याच वाट्याला आल्या आहेत. दुसरी मात्र निघाली ती चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पोचेल अशी. भाजून घडी घातली तेव्हा तिच्यातून धूर आणि खरपूस वास एकदम बाहेर पडला. रुखमिणीनं ती ईवाईनीच्या ताटात ठेवली आणि हात मांडीवर घेऊन थांबली.

निर्मलाबाई पोळीकडे पाहत होत्या. मग त्या उठल्या. निर्मलाबाई मोरीवर गेल्या, हात धुतले, सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि परत आल्या.

“खाईन तं मी खाईनच,” त्या म्हणाल्या. “पण आधी मले करून पाहू द्या. तुमच्या हातावरची माह्या हातावर टाका.”

रुखमिणीनं गोळा झुलवला आणि तिच्या हातांवरून तो सरळ निर्मलाबाईंच्या गोऱ्या हातांवर उतरवला. क्षणभर दोघींच्या हातांवर मिळून एकच पोळी लोंबत होती. मग निर्मलाबाईंनी ती झुलवली, आणि झुलवणं हा शब्द मोठ्या मनानं वापरला आहे. पोळी एका बाजूनं लांबली, दुसऱ्या बाजूनं चष्म्याला चिकटली, आणि उरलेली मडक्यावर न जाता चुलीतल्या लाकडावर जाऊन बसली. लक्ष्मणराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. निर्मलाबाईंनी दुसरी घेतली. ती मधोमध तुटली.

हे कुंपणापलीकडून पाहणं म्हणजे सुलोचनाबाईंना शिक्षाच होती. दुसऱ्याची चांगली पोळी त्यांना सोसत नाही हे खरं, पण वाईट पोळी तर त्याहून सोसत नाही. तिसरा गोळा निर्मलाबाईंनी मुठीत आवळून धरला, तसं त्यांना राहवलं नाही. त्या फाटकातून आत आल्या, पदर खोचला, बाह्या वर केल्या आणि आज्ञाच दिली, की मूठ नाही, मूठ नाही, तळवा मोकळा ठेवा. असं म्हणत त्यांनी रुखमिणीच्या परातीत, रुखमिणीच्या हातांशेजारी, आपले दोन्ही हात कोपरापर्यंत घातले.

गल्लीनं माना उंचावल्या. सुलोचनाबाईंना पत्ताच नव्हता. त्यांनी गोळा उचलला, झुलवला, आणि अशी पोळी काढली की म्हाताऱ्या माणसांना जुने दिवस आठवले. मडक्यावर टाकून त्यांनी विजयानं वर पाहिलं, तेव्हा समोर रुखमिणी गालात हसत होती.

“जपा वो बाई,” रुखमिणी हळूच म्हणाली. “दगडफुलाचं बी लागन.”

सुलोचनाबाईंनी आपल्या कणकेनं माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग रुखमिणीच्या हातांकडे. मग शेजारच्या चुलीवर रटरटणाऱ्या रश्श्याकडे, ज्यात दगडफूल नव्हतं आणि ज्याचा वास सकाळपासून गल्लीत कुणाच्याच नाकाला लागला नव्हता.

“लागू दे,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा गोळा उचलला. “रश्श्यात पडलं तं पडो. तेवढीच चव येईन.”

निर्मलाबाईंनी तोवर ताटातली पोळी संपवली होती आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं होतं. रुखमिणीनं आपल्यासाठी वाटीभर दूध घेतलं, गुळाचा खडा घेतला, पोळीचा तुकडा त्यात बुडवला, आणि केवळरामला डोळ्यानं खुणावलं. तो काय ते समजला. शर्टाची गुंडी लावत दुकानाकडे निघाला, दगडफूल आणायला.